नियंत्रित मूलक बहुवारिकीकरणाचा वेग आणि शृंखला-स्थानांतरण कारक : एका वैज्ञानिक वादाची समीक्षा

प्रस्तावना

बहुवारिकीकरणाच्या अध्यापनात एक विधान वर्षानुवर्षे निर्धास्तपणे केले जाते : शृंखला-स्थानांतरण कारकामुळे बहुवारिकाचा रेणुभार बदलतो, विक्रियेचा वेग बदलत नाही. पदव्युत्तर वर्गाच्या टिपणवह्यांत ते एका ओळीत येते, परीक्षेत दोन गुणांना विचारले जाते आणि तेथेच संपते. १९९८ मध्ये नियंत्रित मूलक बहुवारिकीकरणाची राफ्ट ही पद्धती प्रसिद्ध झाली, तेव्हा हेच विधान नव्या पद्धतीलाही जसेच्या तसे लावण्यात आले. प्रयोगशाळेतील अनुभव मात्र त्याच्याशी जुळेना. काही कारक वापरले असता विक्रिया सुरू व्हायलाच विलंब लागे, आणि सुरू झाल्यावरही ती कारकविरहित विक्रियेपेक्षा मंद चाले. असे का होते यावर २००१ पासून जो वाद झाला, तो बहुवारिक रसायनशास्त्रातील अलीकडच्या काळातील सर्वांत दीर्घ आणि सर्वांत बोधप्रद वादांपैकी एक होय.

आययूपॅक या आंतरराष्ट्रीय संघटनेने नेमलेल्या कार्यगटाने २००६ मध्ये या वादाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्याची आणि त्याच्या मागे-पुढे झालेल्या कामाची समीक्षा येथे अभिप्रेत आहे. विषय तांत्रिक असला तरी त्यातील प्रश्न केवळ रसायनशास्त्राचा नाही. एकाच निरीक्षणावर दोन परस्परविरोधी स्पष्टीकरणे सारखीच चपखल बसत असतील तर निवाडा कशाच्या आधारे करावयाचा, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अध्यापकालाही पडतो आणि इतिहासाच्या अध्यापकालाही.

स्थानांतरणाची मूळ कल्पना व तिची अट

बहुवारिक, म्हणजे व्यवहारातले पॉलिमर, हे एकवारिकाचे शेकडो-हजारो लहान रेणू एकापुढे एक जोडले जाऊन तयार होते. मूलक पद्धतीत ही जोडणी एका अयुग्मित इलेक्ट्रॉनामुळे चालते. ज्या शृंखलेच्या टोकाशी असा इलेक्ट्रॉन आहे ती वाढते. दोन वाढती टोके भेटली की दोन्ही संपतात. पॉल फ्लोरी यांनी १९३७ मध्ये तिसरी शक्यता मांडली. वाढते टोक दुसऱ्या एखाद्या रेणूवर आपला मूलकपणा सोपवून स्वतः थांबू शकते आणि तो दुसरा रेणू नवी शृंखला सुरू करू शकतो. १९४३ मध्ये फ्रँक मेयो यांनी या कल्पनेला समीकरणाचे रूप दिले. भारतातही या क्षेत्रात लवकर काम झाले. कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेतील शांतिरंजन पालित व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेथिल मेथाक्रिलेटमधील स्थानांतरणाचा केलेला अभ्यास १९५० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता.

मेयो यांच्या मांडणीत एक अट गृहीत आहे आणि टिपणवह्यांतून नेमकी तीच गळते. स्थानांतरणानंतर तयार होणारा नवा मूलक जुन्या मूलकाइतक्याच तत्परतेने पुढची शृंखला सुरू करणार असेल, तरच वेग अबाधित राहतो. ही अट नेहमी पाळली जात नाही, हेही फार लवकर कळले होते. पॉल बार्टलेट व आल्टशुल यांनी १९४५ मध्ये अ‍ॅलिल अ‍ॅसिटेटच्या बाबतीत दाखविले की, स्थानांतरणातून निर्माण होणारा अ‍ॅलिल मूलक इतका स्थिर असतो की तो पुढे काम करीतच नाही. परिणामी वेग व रेणुभार दोन्ही घसरतात. त्यामुळे ‘कारक वेग बदलत नाही’ हा नियम कधीच नव्हता. ते एका अटीवर अवलंबून असलेले अनुमान होते. पुढच्या साऱ्या वादाचे बीज या विसरलेल्या अटीत आहे.

राफ्ट : पाळीने वाढणाऱ्या शृंखला

ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेच्या रिझार्डो, मोअड, थांग आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये राफ्ट पद्धती जाहीर केली. त्याच सुमारास फ्रान्समध्ये झार्ड यांच्या झँथेट-रसायनाच्या आधारे रोडिया कंपनीच्या संशोधकांनी तत्त्वतः तीच पद्धती स्वतंत्रपणे विकसित केली. दोन्हींत वापरला जाणारा कारक हा एका कार्बनला दोन गंधक-अणू जोडलेल्या संयुगांच्या कुळातील असतो : डायथायोबेंझोएट, ट्रायथायोकार्बोनेट, झँथेट, डायथायोकार्बामेट.

नावे परकी वाटली तरी हे कुळ महाराष्ट्राला अपरिचित नाही. कल्याणजवळील शहाड येथे सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यात व्हिस्कोज रेयॉन बनते ते सेल्युलोज झँथेटच्या मार्गाने. द्राक्ष व डाळिंबावर फवारले जाणारे मँकोझेब हे डायथायोकार्बामेट आहे. चौसाळ्यासारख्या बाजारपेठेच्या गावात कृषी सेवा केंद्रातून बीजप्रक्रियेसाठी वर्षानुवर्षे नेले गेलेले थायरम हे त्यांचे अगदी जवळचे नातेवाईक; रबर उद्योगात तेच रसायन व्हल्कनीकरणाची गती वाढविण्यासाठी वापरतात. जपानमध्ये ताकायुकी ओत्सू यांनी याच वर्गातील संयुगांवर दीर्घकाळ काम करून १९८२ मध्ये ‘इनिफर्टर’ ही संकल्पना मांडली. राफ्टची ती पूर्वज म्हणावी लागेल.

राफ्टची कार्यपद्धती समजण्यासाठी सामाईक विहिरीवरील पाण्याच्या पाळीचा दाखला उपयोगी पडतो. पंप एक, पाण्याची धार एक आणि वाफे पुष्कळ. धार एका वाफ्यात थोडा वेळ सोडली, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात, असे वारंवार फिरविले तर सर्व वाफ्यांतील पीक सारखे वाढते. राफ्टमध्ये धार म्हणजे मूलक आणि वाफे म्हणजे शृंखला. कोणत्याही क्षणी वाढत असलेल्या शृंखला अगदी थोड्या असतात. बाकीच्या गंधकयुक्त टोक घेऊन पाळीची वाट पाहतात. वाढती शृंखला थांबलेल्या शृंखलेच्या गंधकाला जोडली जाते, एक मध्यस्थ मूलक तयार होतो, तो फुटतो आणि मूलक एकीकडून दुसरीकडे जातो. सर्व शृंखला जवळजवळ सारख्या लांबीच्या होतात आणि त्यांची लांबी किती असावी हे कारकाच्या प्रमाणावरून आधीच ठरविता येते.

वाफे वाढविल्याने पंपाचे पाणी वाढत नाही आणि कमीही होत नाही. मूलकांचा पुरवठा आरंभकाकडून होतो, कारकाकडून नाही. म्हणून कारकाचा वेगावर परिणाम होऊ नये, असा सैद्धांतिक निष्कर्ष निघतो. येथे नियंत्रित मूलक बहुवारिकीकरणाच्या इतर दोन प्रमुख पद्धतींशी असलेला फरकही लक्षात येतो. नायट्रॉक्साइडवर आधारित पद्धतीत व एटीआरपीमध्ये वाढत्या मूलकांची संहती मुख्यतः सुप्त व क्रियाशील अवस्थांच्या समतोलातून ठरते. तेथे नियंत्रकाचा वेगावर परिणाम होणे हे पद्धतीच्या रचनेतच आहे. राफ्टमध्ये तसे नाही; आणि म्हणूनच राफ्टमधील मंदन कोड्यात टाकणारे ठरले.

मंदन : दोन स्पष्टीकरणे

कोडे सर्वाधिक तीव्रतेने दिसले ते क्युमिल डायथायोबेंझोएट या गुलाबी-लाल रंगाच्या कारकात. स्टायरीनमध्ये तो मिसळला की विक्रिया मंदावते, आणि कारकाचे प्रमाण वाढविले की मंदनही वाढते. अ‍ॅक्रिलेटांच्या बाबतीत परिणाम आणखी तीव्र असतो. व्हिनिल अ‍ॅसिटेटमध्ये तर डायथायोबेंझोएट घातल्यास विक्रिया जवळजवळ थांबते, परंतु त्याचे कारण वेगळे व निर्विवाद आहे : व्हिनिल अ‍ॅसिटेटचा मूलक मध्यस्थापासून सहज सुटत नाही. त्या एकवारिकासाठी झँथेट वापरतात.

२००१ मध्ये दोन स्पष्टीकरणे जवळजवळ एकाच वेळी पुढे आली. सिडनीचे बार्नर-कोवोलिक, डेव्हिस व सहकारी यांच्या मते मध्यस्थ मूलक फार सावकाश फुटतो, त्यामुळे मूलक त्याच्यात अडकून पडतात. मॉन्टेरो व डी ब्रॉवर यांच्या मते मध्यस्थ लगेच फुटतो, परंतु जेवढा काळ तो अस्तित्वात असतो तेवढ्यात एखादा वाढता मूलक त्याच्यावर आदळून दोघेही संपतात. पाण्याच्या पाळीच्या भाषेत, पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की पाणी पाटात तुंबते. दुसऱ्याचे असे की पाटाला गळती आहे.

दोघांनीही आपापल्या प्रतिमानातून रूपांतराचे व रेणुभाराचे आलेख काढले आणि ते प्रयोगाशी जुळले. मात्र त्यासाठी पहिल्या पक्षाला मध्यस्थ फुटण्याचा वेगस्थिरांक प्रतिसेकंद एक-शतांशाच्या आसपास धरावा लागला, तर दुसऱ्याला प्रतिसेकंद एक लाखाच्या आसपास. भौतिक विज्ञानात एकाच राशीच्या दोन प्रतिष्ठित मूल्यांत दहा लाख पटींहून अधिक अंतर असणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

या आकड्यांचे परिणाम काय होतात हे तपासण्यास मोठे उपकरण लागत नाही. कागद व पेन्सिल पुरते. समजा, ६० अंश सेल्सिअसला स्टायरीनमध्ये ए.आय.बी.एन. हा आरंभक दर लिटरला ०.००५ मोल व कारक ०.०१ मोल आहे. नेहमीचे वेगस्थिरांक घेतले तर मूलकांचा पुरवठा दर सेकंदाला दर लिटरमागे सुमारे सहा-शतांश मायक्रोमोल येतो, वाढत्या मूलकांची संहती सुमारे दोन-शतांश मायक्रोमोल येते आणि रूपांतर ताशी सुमारे दोन टक्के येते. कारकाशिवायच्या विक्रियेसाठी हा हिशेब प्रयोगाशी जुळता आहे.

आता मूलक व मध्यस्थ यांच्यातील समतोलांक पहिल्या पक्षाप्रमाणे एक कोटी लिटर प्रतिमोल घेऊ. प्रत्येक वाढत्या मूलकामागे एक लाख मध्यस्थ असावे लागतील, म्हणजे मध्यस्थांची संहती दर लिटरला जवळजवळ दोन मिलिमोल व्हावी लागेल. आरंभकाच्या पुरवठ्याने हा साठा भरण्यास सुमारे आठ तास लागतील आणि तोवर विक्रिया मंद राहील. येथपर्यंत स्पष्टीकरण समाधानकारक आहे. परंतु साठा भरल्यावर काय? पाट भरला की पंपाचे सगळे पाणी पुन्हा वाफ्यात पोहोचते. मध्यस्थ मूलक नष्ट होत नसेल तर स्थिर अवस्थेत मूलकांचा पुरवठा व नाश यांचे गणित कारकविरहित विक्रियेसारखेच राहते, आणि वेगही तितकाच. म्हणजे केवळ सावकाश फुटणे हे सुरुवातीच्या विलंबाचे स्पष्टीकरण होऊ शकते; दीर्घकाळ टिकणाऱ्या मंदनाचे नाही. हा मुद्दा वादाच्या पहिल्या काही वर्षांत जितक्या ठळकपणे यावयास हवा होता तितका आला नाही.

शिवाय मध्यस्थ मूलक मोजता येतो. सीएसआयआरओच्या गटाने १९९९ मध्येच इ. एस. आर. वर्णपटाद्वारे तो प्रत्यक्ष पाहिला होता. क्योतोच्या फुकुदा व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पॉलिस्टायरीन डायथायोबेंझोएटसाठी त्याची संहती मोजली आणि समतोलांक सुमारे ५५ लिटर प्रतिमोल काढला. वरील उदाहरणात हा आकडा घातला तर मध्यस्थांची संहती वाढत्या मूलकांच्या निम्मी येते. दोन मिलिमोलांचा साठा तर लाखाहून अधिक पटींनी दूर राहतो. मध्यस्थावर आदळून होणारी समाप्ती दोन वाढत्या मूलकांमधील समाप्तीइतकीच तत्पर धरली तर वेग मूळ वेगाच्या साधारण सत्तर टक्क्यांवर येतो. प्रयोगात दिसणाऱ्या मंदनाच्या तोडीचे हे उत्तर आहे.

एवढ्यावर निकाल गळतीच्या बाजूने लावता आला असता. परंतु पहिल्या पक्षाकडेही दोन भक्कम पुरावे होते आणि समीक्षकाला ते बाजूला सारता येत नाहीत. पहिला प्रयोग २००२ चा. स्टायरीन व क्युमिल डायथायोबेंझोएट यांच्या मिश्रणावर गॅमा किरण सोडले, किरणांचा स्रोत दूर केला आणि नंतर मिश्रण तापविले. आरंभक नसतानाही बहुवारिकीकरण झाले. म्हणजे मूलक कोठेतरी, कोणत्यातरी रूपात साठून राहिले होते. दुसरा पुरावा संगणकीय होता. मिशेल कूट व लिओ रॅडम यांनी २००३ मध्ये पुंजयामिकीय गणनेने दाखविले की, मध्यस्थ फुटणे डायथायोबेंझोएटांच्या बाबतीत खरोखरच मंद असावे. या गणना लहान, प्रातिनिधिक मूलकांवरच्या होत्या, हे खरे. पण त्या कोणत्याही वेग-आलेखाच्या आधाराविना स्वतंत्रपणे केलेल्या होत्या, हे त्यांचे सामर्थ्य.

गळतीवाद्यांची अडचण याहून साधी होती. वाढता मूलक मध्यस्थावर आदळून संपत असेल तर तीन भुजांचा तारकाकृती रेणू तयार व्हावयास हवा. मंदन एवढे मोठे, तर हे रेणूही पुरेशा प्रमाणात सापडावयास हवेत. मुद्दाम रचलेल्या प्रातिनिधिक प्रयोगांत ते सापडले. नेहमीच्या बहुवारिकीकरणात मात्र अपेक्षित प्रमाणात सापडेनात. चोरी झाली म्हणावे आणि मुद्देमाल मिळू नये, अशी ही अवस्था होती.

२००६ चा अहवाल

आययूपॅकच्या कार्यगटात दोन्ही पक्षांचे अभ्यासक होते. बार्नर-कोवोलिक व कूट होते, तसेच मॉन्टेरो व फुकुदाही होते. मोअड, बुबॅक, वाना, क्लुम्परमन, सँडरसन यांसारखे इतरही होते. प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र बसून एकाच लेखावर नावे घालणे ही विज्ञानातही दुर्मीळ घटना आहे आणि तिचे मोल मान्य केलेच पाहिजे. अहवालाने उपलब्ध पुरावे एकत्र मांडले, प्रत्येकाच्या मर्यादा सांगितल्या, सहा घातांकांची तफावत स्पष्ट शब्दांत नोंदविली आणि पुढे कोणते प्रयोग करावेत हे सुचविले. निष्कर्ष मात्र काढला नाही.

या संयमाचे कौतुक पुष्कळ झाले; त्याची मर्यादाही सांगावयास हवी. अहवालात सर्व पुरावे जवळजवळ एका पातळीवर मांडले जातात. प्रतिमान आलेखाशी जुळणे आणि एखाद्या घटकाची संहती प्रत्यक्ष मोजणे, यांत प्रामाण्याचा फरक आहे. पहिल्या प्रकारात पाच-सहा अज्ञात स्थिरांक हवे तसे बदलण्याची मुभा असते; एक स्थिरांक लाख पटीने चुकला तरी दुसरा ती चूक झाकतो. दुसऱ्या प्रकारात ही मुभा पुष्कळ कमी असते. इ. एस. आर. मापनालाही स्वतःच्या अडचणी आहेत, पण त्या मापनाच्या अडचणी आहेत, स्पष्टीकरणाच्या नव्हेत. अहवालाने हा श्रेणीभेद स्पष्ट केला असता तर नंतरच्या काही वर्षांत आलेख जुळविण्यावर खर्च झालेले श्रम वाचले असते.

दुसरा आक्षेप ‘मंदन’ या शब्दाविषयीचा. विक्रियेच्या प्रारंभीचा विलंब आणि पुढे टिकून राहणारी मंदगती या दोन घटना आहेत. दक्षिण आफ्रिकेतील स्टेलेनबॉश येथील मॅक्लिअरी, क्लुम्परमन, सँडरसन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये विक्रिया चालू असतानाच एन. एम. आर. वर्णपट घेऊन दाखविले होते की, प्रारंभीच्या काळात मूळ कारकाचा जवळजवळ प्रत्येक रेणू आधी एक एकवारिक जोडून घेतो आणि त्यानंतरच खरी वाढ सुरू होते. विलंबाचा मोठा भाग या टप्प्याने समजतो. त्यासाठी ना तुंबण्याची गरज आहे, ना गळतीची. अहवालाला हे काम ज्ञात होते. तरीही त्यानंतरच्या लेखनात व विशेषतः पाठ्यलेखनात दोन्ही घटना एकाच नावाखाली येत राहिल्या, आणि एका घटनेचा पुरावा दुसरीच्या स्पष्टीकरणासाठी वापरला जात राहिला.

तिसरी गोष्ट शुद्धतेची. मॉन्टेरो यांच्याच गटाने २००५ मध्ये क्युमिल डायथायोबेंझोएटमधील अशुद्धींचा वेगावर होणारा परिणाम दाखविला होता. कारक जुना झालेला, अपुरा शुद्ध केलेला किंवा मिश्रणातील ऑक्सिजन पूर्णपणे न काढलेला असेल, तर विलंब व मंदन दोन्ही वाढतात. जगभरातील वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी का जुळत नव्हते, याचे एक अगदी अनाकर्षक उत्तर येथे आहे. मोठ्या सैद्धांतिक वादांत अशी उत्तरे तळटीपेत जातात.

२००६ नंतर

हरवलेल्या तारकाकृती रेणूंविषयी बुबॅक व वाना यांनी २००६ मध्येच एक सूचना केली. त्यांच्या मते हे रेणू तयार होतात, पण टिकत नाहीत. दुसरा एखादा वाढता मूलक त्यांच्यावर आदळून त्यांना पुन्हा मध्यस्थाच्या रूपात आणतो आणि स्वतः मृत शृंखला होऊन बाहेर पडतो. या ‘हरवलेल्या पायरी’ने गळतीवाद वाचतो खरा, परंतु पुरावा का सापडत नाही याचे कारण म्हणून पुराव्याचा नाश करणारी पायरी कल्पिणे, ही युक्तिवादाची निसरडी वाट आहे. सूचना चतुर आहे, अशक्य नाही, पण तिला स्वतंत्र आधाराची गरज होती.

अधिक आशादायक वाट २००८ मध्ये कॉन्कोलेविच, हॉकेट, ग्रे-वील व पेरिये यांनी दाखविली. मध्यस्थावर आदळून संपतात ते सर्व वाढते मूलक नव्हेत, तर फक्त एक-दोन एकक लांबीचे अतिलघू मूलक, असे त्यांनी मांडले. लांब शृंखलेचे टोक जड व मंदगती. मध्यस्थाच्या दोन्ही बाजूंना तशाच लांब शृंखला. त्यांची गाठ सहज पडत नाही. लघू मूलक चपळ असतात आणि ते गाठतात. असे असेल तर तयार होणाऱ्या रेणूची तिसरी भुजा इतकी आखूड असणार की रेणुभार मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीला तो तारकाकृती असल्याचे कळणारच नाही. मुद्देमाल गायब नव्हता. तो वेगळ्या आकाराचा होता. या मांडणीचे बळ असे की, ती नवी पायरी न कल्पिता शृंखलेच्या लांबीचा एक ज्ञात परिणाम वापरते.

२०१४ मध्ये ग्रॅमी मोअड यांनी डायथायोबेंझोएटांच्या या पेचाचा पुन्हा आढावा घेतला. २०२१ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लेखात असे मांडले गेले की, मंदन ही केवळ डायथायोबेंझोएटांची खोड नाही. अ‍ॅक्रिलेटांसारख्या वेगाने वाढणाऱ्या एकवारिकांत ते इतर वर्गांच्या कारकांतही आढळते. या लेखाच्या लेखकांत कॉन्कोलेविच आहेत, आणि वीस वर्षांपूर्वी तुंबण्याच्या स्पष्टीकरणाचा झेंडा घेणारे बार्नर-कोवोलिकही आहेत. जुळणाऱ्या आलेखांनी जे झाले नाही ते प्रश्नाचे क्षेत्र विस्तारल्याने झाले. एका कारकावर व एका एकवारिकावर अडकलेला वाद अनेक कारकांवर नेला की कोणते स्पष्टीकरण सर्वत्र चालते हे दिसू लागते. पुरावा आज लघू मूलकांच्या समाप्तीच्या बाजूने अधिक झुकलेला आहे. गॅमा किरणांच्या प्रयोगातील साठ्याचे आणि संगणकीय गणनांचे सर्वमान्य समाधान मात्र अद्याप झालेले नाही.

नामकरण व अध्यापन

आययूपॅकने २०१० मध्ये या संपूर्ण वर्गासाठी ‘प्रत्यावर्ती-निष्क्रियन मूलक बहुवारिकीकरण’ या अर्थाचे नाव सुचविले आणि ‘जिवंत’ किंवा नुसते ‘नियंत्रित’ ही विशेषणे टाळावीत असे म्हटले. मराठीत हे नाव जड आहे व वर्गात ते रुळेल असे दिसत नाही. तरीही त्यामागील आक्षेप रास्त आहे. ‘नियंत्रित’ म्हटले की विद्यार्थी समजतो की सर्वच काही नियंत्रणात आहे. प्रत्यक्षात नियंत्रण असते ते शृंखलेच्या लांबीवर व टोकाच्या रचनेवर. वेगाच्या बाबतीत तर कारक स्वतःच अडथळा ठरू शकतो. ‘शृंखला-स्थानांतरण कारक’ या संज्ञेतही हीच गफलत आहे. मेयो यांच्या समीकरणातील कारक शृंखलेला कायमचे थांबवितो. राफ्टमधील कारक तिला पाळीत उभे करतो. दोन भिन्न व्यापारांना एकच नाव दिल्यामुळे जुन्या व्यापाराविषयीचे विधान नव्याला आपोआप चिकटले.

पदव्युत्तर वर्गात हा विषय शिकविताना समीकरणापूर्वी अट यावी. ‘मध्यस्थ मूलक त्वरित फुटत असेल आणि त्या अवस्थेत नष्ट होत नसेल, तर कारकाचा वेगावर परिणाम होत नाही’ असे पूर्ण वाक्य लिहून दिले तर दोन्ही स्पष्टीकरणे त्या वाक्याच्या दोन उपवाक्यांतूनच विद्यार्थ्याला काढता येतात.

प्रयोगाच्या बाजूनेही मराठवाड्यातील महाविद्यालयीन प्रयोगशाळा अगदीच असहाय नाही. इ. एस. आर. उपकरण तिच्याकडे नसेल, पण मंदन पाहण्यास स्थिर तापमानाचे जलपात्र, सीलबंद नळ्या, मेथॅनॉल व चांगला तराजू पुरेसा आहे. आरंभक तेवढाच ठेवून कारकाचे प्रमाण शून्यापासून पाच पायऱ्यांत वाढवावे, ठरावीक तासांनी नळ्या काढून बहुवारिक अवक्षेपित करावे, वाळवून तोलावे. स्टायरीन ताशी दोन टक्क्यांच्या गतीने चालत असल्याने प्रयोगाला दिवस लागतात, घाई चालत नाही. तोच प्रयोग डायथायोबेंझोएटऐवजी ट्रायथायोकार्बोनेट घेऊन केला तर स्टायरीनमधील मंदन कारकाच्या रचनेवर किती अवलंबून आहे ते दिसते. प्रारंभीचे बिंदू दाट घेतले तर विलंब व मंदन वेगळे काढता येतात. बहुतेक प्रकल्प-प्रबंधांत पहिला बिंदू इतका उशिरा घेतलेला असतो की हा भेद करणेच अशक्य होते. कारक वापरण्यापूर्वी तो स्तंभ-वर्णलेखनाने शुद्ध केला होता काय, मिश्रणातून नायट्रोजन किती मिनिटे सोडला होता आणि बाटली किती जुनी होती, या नोंदी वहीत आलेखाशेजारीच असाव्यात. त्यांच्याविना मिळालेले मंदन तुंबण्यामुळे, गळतीमुळे की ऑक्सिजनमुळे, हे परीक्षकाला ठरविता येत नाही.